आईची कविता कोण लिहितं?

कविसंमेलनात सूत्रसंचालकाने 'आता आईवरची एक कविता' असं म्हटलं, की अर्धे श्रोते तिथेच विरघळतात. पुढे काय येणार ते त्यांना पाठ असतं: चुलीचा धूर, ठिगळाचं लुगडं, स्वतः उपाशी राहून लेकराला दिलेली भाकरी. शेवटच्या कडव्यात कवीचा आवाज कापरा होतो, पदराचा उल्लेख येतो आणि टाळ्या घेऊन कवी खाली बसतो. मातृदिनाला हाच ऐवज मोबाइलवर फिरतो, तोही बहुधा कवीचं नाव गाळून. मराठीत आईवर उदंड लिहिलं गेलं आहे. आई झालेल्या बाईवर मात्र त्या मानाने फारच थोडं.

याचं एक साधं कारण म्हणजे लिहिणारा बहुतेक वेळा मुलगा असतो. माधव जूलियनांची 'प्रेमस्वरूप आई' घ्या किंवा यशवंतांची 'आई'. दोन्हींत पोरकं लेकरू हाक मारतं आहे. आई समोर नाही, म्हणूनच तिच्यात काही उणं नाही. समोर असलेली आई चिडते, दमते, एखाद्या पोराला झुकतं माप देते. गेलेल्या आईला यातलं काहीच करता येत नाही. या कविता वाईट आहेत असं मुळीच नाही. यशवंतांचा पोरकेपणा आजही आत कुठेतरी लागतो. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी ते दुःख न घेता नुसता साचा उचलला.

संतांनी वेगळीच गंमत केली होती. त्यांनी आईपण बाईपासून सोडवून थेट विठ्ठलाच्या अंगावर घातलं. जनाबाईचा देव तिच्याबरोबर दळतो, ती वेणी उकलते तेव्हा तिच्या डोईला लोणी चोळतो, तिला न्हाऊ घालतो. नामदेवाघरच्या दासीचं न्हाणं बघायला दुसरं कोण येणार होतं? आईची कामं तिने एकेक करून पुरुष देवाला सांगितली आणि देवाने ती केली. पुढे सावित्रीबाई फुल्यांनी 1854च्या 'काव्यफुले'त इंग्रजीलाच माउली म्हटलं, आणि शूद्रांच्या उद्धाराचं काम त्या आईवर सोपवलं. हे मातृत्व हळवं नाही, चांगलं कामाचं आहे.

बाई स्वतः बोलली ती मात्र जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि गाणाऱ्या बाईचं नाव-गाव नोंदवून ठेवलं. त्याआधी साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मधून ओव्यांचा मोठा साठा पुढे आणला होता. या ओव्यांत आई येते ती बहुतेकदा लेकीच्या तोंडून. ती पूजेची मूर्ती नसते. सणाला जायचं ठिकाण, मुराळी कधी येतो याची वाट, न सांगता कळणारं दुखणं अशी ती भेटते. म्हणून ओवी निर्मळ आहे असं समजण्याचं कारण नाही. तीच ओवी मुलाच्या जन्माला साखर वाटते, लेकीच्या जन्माला उसासा टाकते आणि वांझेला टोचून बोलते. लोकसाहित्याच्या अभ्यासात आपण गोड ओव्या निवडून घेतो आणि अशा टोचणाऱ्या बाजूला ठेवतो. मला त्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या बाईच्या डोक्यावर असलेलं ओझं तिच्याच आवाजात ऐकवतात.

बहिणाबाई चौधरी याच परंपरेतल्या. त्यांच्या 'योगी आणि सासुरवाशीण'मध्ये योगी माहेराच्या ओढीवरून सासुरवाशिणीला छेडतो. मग तू सासरी कशाला आलीस, असा त्याचा रोख. ती उत्तर देते, की लेकीला माहेर मिळावं म्हणून आई सासरी नांदते. आईपणाचा इतका व्यवहारी आणि इतका करुण हिशोब आधुनिक कवितेत क्वचितच सापडेल. इथे त्यागाचं गाणं नाही. एका पिढीचा तुरुंग दुसऱ्या पिढीचा विसावा कसा होतो ते तिने विडा लावता लावता सांगावं तसं सांगून टाकलं आहे.

पुरुषांपैकी ज्यांनी आईला कामात पाहिलं, त्यांच्या कविता टिकल्या. विंदा करंदीकरांच्या 'झपताल'मध्ये पहाटेपासून वावरणारी बाई आहे, तिचं पोतेरं आणि चूल आहे, दोरीवर वाळणारी तान्ह्याची मुतेली आहेत. बघणारा नवराच आहे, पण तो तिची आरती करत नाही, तिच्या हालचालीची लय पकडतो. नारायण सुर्व्यांच्या 'माझी आई'मधली बाई पहाटे गिरणीकडे निघते. सुर्वे स्वतः टाकून दिलेलं मूल होते. गिरणी कामगार जोडप्याने त्यांना वाढवलं. जन्म देण्यावर ज्या कवितांचा सगळा भर असतो त्यांना हे एक आयुष्यच पुरेसं उत्तर आहे.

आता दोन कविता शेजारी ठेवून पाहाव्यात. पद्मा गोळे यांची 'निरोप' अनेकांनी शाळेत वाचली असेल. मुलगा रणावर निघाला आहे, आई हुंदका न काढता त्याला ओवाळते आणि परतल्यावर पुन्हा स्वतःच्या हाताने भात भरवीन म्हणते. इतिहासातल्या शूरांची नावं, तलवार, तोरण असा तिचा सगळा थाट. ज्योती लांजेवारांच्या 'आई'ची सुरुवातच नकारातून होते: जरीच्या साडीत, सोन्याच्या दागिन्यांत मी तुला कधी पाहिलंच नाही. मग दिसतं ते डांबर वाहणारं शरीर, उन्हात भाजलेले तळवे, बाभळीला टांगलेली झोळी. याही आईचा मुलगा जातो, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात. तीही रडून कोसळत नाही. आणखी मुलं असती तर तीही लढली असती, असं पोलिसांना सुनावते. कचरा वेचून साठवलेले पैसे मरताना दीक्षाभूमीला देते.

वरवर दोघी वीरमाताच. पण गोळ्यांच्या आईचं शौर्य तिला परंपरेने हातात दिलं आहे. लांजेवारांच्या आईने ते रोजच्या मजुरीतून स्वतः कमावलं आहे, आणि ते सांगणारी तिची लेक आहे. ही लेक रडवायला आलेली नाही. मंचावरच्या आईच्या फाटक्या लुगड्यात आणि या आईच्या फाटक्या लुगड्यात एवढाच फरक आहे, की इथे ते कोणी फाडलं हेही विचारलं जातं.

साठोत्तरी आणि नंतरच्या कवयित्रींनी बाईपण मोकळेपणाने मांडलं. मल्लिका अमर शेख, रजनी परुळेकर, प्रज्ञा दया पवार, कविता महाजन यांच्या कवितेत देह, संताप, एकटेपण सगळं आलं. समीक्षा मात्र जुन्या सवयीने वाचत राहिली. 1946 साली पती ना. मा. संत गेल्यावर इंदिरा संतांनी तीन मुलं एकटीने वाढवली, नोकरी केली. समीक्षेने त्यांच्यावर विरहाच्या कवयित्रीचा शिक्का मारला आणि काम संपवलं. घर चालवणारी, दमलेली आई त्या ओळींत कुठे लपली आहे, हे शोधायला फारसं कोणी गेलं नाही.

आणखी एक जागा अजून रिकामीच आहे असं मला वाटतं. ओवीतली छळणारी सासू आणि मुलाच्या कवितेतली वात्सल्यमूर्ती आई ही एकच बाई आहे. एकाच घरात, एकाच दिवशी ती दोन्ही असते: दुपारी सुनेला घालूनपाडून बोलते, रात्री परगावच्या मुलाला फोनवर 'जेवलास का रे' विचारते. मुलगा तिच्यावर कविता लिहितो, सून ओवी गाते, आणि दोघांची गाठ मराठी कवितेत क्वचितच पडते. ती सून आज कविता लिहिते, तिचा संग्रहही निघतो. आईच्या कवितेसाठी बोलावणं मात्र अजून तिच्या नवऱ्यालाच जातं.