गंमत नेमकी कुणाची? : परदेशातील दोन दिवस आणि मराठी प्रवासलेख

गेली काही वर्षे मी दिवाळी अंकांतले आणि मंडळांच्या स्मरणिकांतले एका विशिष्ट जातीचे प्रवासलेख कापून ठेवतो आहे. लेखक परदेशी मुलाकडे किंवा भाच्याकडे गेलेला असतो. हाताशी शनिवार-रविवार असतो. रस्त्यावर चिटपाखरू नसताना लोक लाल दिव्यापाशी उभे राहतात, रविवारी दुकाने बंद असतात, रात्रीच्या जेवणाला गार पाव आणि चीज मिळते, हॉटेलात मित्र आपापले बिल वेगळे देतात, आणि न्हाणीघरात तांब्या नसतो. या पाच गोष्टींवर पाच विनोद होतात आणि लेख घरच्या वरणभातापाशी येऊन थांबतो. मी मराठीचा प्राध्यापक नाही. बँकेतली नोकरी सांभाळून रद्दीच्या दुकानांतून जमवलेल्या पुस्तकांवर माझा अभ्यास चालतो. तेव्हा या लेखांना नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. शिवाय असा एक लेख मीही लिहिला आहे. त्याच्याकडे पुढे येतोच.

या लेखनाचे कूळ विचारले तर बहुतेक जण 'अपूर्वाई'चे (१९६०) नाव घेतील. ते अर्धेच खरे आहे. पु. ल. देशपांडे यांचा विनोद इंग्रज माणसावर क्वचितच फुटतो. तो फुटतो निघण्यापूर्वीच्या सल्ल्यांवर, कपड्यांच्या तयारीवर, काट्याचमच्याच्या धास्तीवर. म्हणजे विलायतेला निघालेल्या मराठी मध्यमवर्गीयावर आणि सर्वांत जास्त स्वतः निवेदकावर. नंतरच्यांनी त्यांची लय उचलली, नेम मात्र उचलला नाही. आता हसण्याचा विषय समोरचा झाला. अर्थात पुलंनाही मी पूर्णपणे मोकळे सोडत नाही. त्यांच्या प्रवासवर्णनांत फरक दिसतो तो बहुधा वाचकाला सुखावूनच जातो. आपण थोडे वेंधळे, पण गोड आहोत, एवढा दिलासा हाती लागतो. हे मत अनेकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

दुसरे कूळ जुने आहे आणि त्याचा वारसा कुणी फारसा सांगत नाही. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ साली इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. शीर्षकातला क्रम पाहावा. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. सागरप्रवास सुरुवातीलाच आटोपतो आणि मग शासनव्यवस्था, घरे, शिक्षण, धर्म आणि दानधर्म, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणे लागतात. तिथल्या स्त्रियांच्या संस्थांचे कौतुक त्या भरभरून करतात. पण मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना गोऱ्या समाजाने कसे वागवले हे लिहिताना हात आखडता घेत नाहीत. फरक दिसला की त्या थबकतात आणि दोन प्रश्न विचारतात : हे इथे असे का झाले, आणि आमच्याकडे ते तसे का नाही? मीरा कोसंबी यांनी २००३ साली हे पुस्तक इंग्रजीत आणल्यावर त्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. मराठीत मात्र प्रवासवर्णनाच्या वाटचालीची मांडणी करताना त्याला अजूनही बहुधा नमस्कारापुरतेच स्थान मिळते.

कुणी म्हणेल, तीन वर्षे राहिलेल्या विदुषीचे माप दोन दिवसांच्या पाहुण्याला लावणे अन्याय आहे. मान्य. पण लाल दिव्याचेच उदाहरण घेऊ. रिकाम्या रस्त्यावर थांबलेला जर्मन माणूस आमच्या लेखांत हटकून यंत्रमानव ठरतो. तिथे काही चौकांत पाटी असते : हिरव्या दिव्यावरच रस्ता ओलांडा, मुलांपुढे उदाहरण ठेवा. पाटीचा अर्थ कुणालाही विचारला की तो माणूस एकदम कुणाचा तरी काका होतो. बर्लिनच्या सिग्नलमधला टोपीवाला छोटा माणूस १९६१ साली पूर्व बर्लिनमध्ये कार्ल पेग्लाऊ यांनी रेखाटला. जर्मनीच्या एकीकरणानंतर तो काढून टाकला जाऊ लागला, तेव्हा लोकांनी चळवळ करून तो वाचवला. पुढे तो पश्चिम भागातही बसला. एक देश नाहीसा झाला आणि त्याच्या सिग्नलमधला माणूस राहिला. रविवारच्या बंद दुकानांचेही तसेच. रविवारच्या विश्रांतीचे कलम १९१९ च्या वायमार संविधानातले. १९४९ च्या संविधानाने ते जसेच्या तसे घेतले. दुधाची पिशवी मिळाली नाही म्हणून लिहिलेल्या विनोदात दुकानातल्या विक्रेतीची सुट्टी कुठेच नसते.

आता माझा लेख. २०१६ च्या मे महिन्यात मुलीकडे हॉलंडला गेलो असताना एका शुक्रवारी रात्री मी बर्लिनला भाच्याकडे पोचलो आणि रविवारी रात्री परतलो. परतल्यावर एका स्मरणिकेसाठी सहा पानी लेख लिहिला. त्यातला सर्वांत गाजलेला परिच्छेद बाटल्यांचा होता. जर्मनीत बाटलीवर अनामत असते. बिअरच्या काचेच्या बाटलीवर तेव्हा आठ सेंट होती, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत मिळतात. एका बागेत नीटनेटका कोट घातलेले एक वृद्ध गृहस्थ कचऱ्याच्या डब्यांतून बाटल्या काढताना मला दिसले. मी लिहिले, आमचा भंगारवाला सायकलवरून ओरडत येतो, इथला सचिवालयातून निवृत्त झाल्यासारखा येतो. लोक बाटल्या डब्यात न टाकता डब्याच्या कडेला मांडून ठेवतात, त्यावर लिहिले की हे लोक कचऱ्यालाही रांगेत उभे करतात. हशा पिकला. दोन ओळखीच्यांनी तर तो परिच्छेद स्नेहसंमेलनात वाचून दाखवला.

लेख भाच्याला पाठवला. त्याचा फोन आला. "मामा, बाटल्या बाहेर का ठेवतात ते मी तुला सांगितलं होतं ना?"

सांगितले होते. बाटल्या वेचून महिन्याची तोंडमिळवणी करणारे वृद्ध त्या शहरात आहेत. त्यांना घाणीत आणि फुटक्या काचांत हात घालावा लागू नये म्हणून लोक बाटली बाहेर ठेवतात. त्या दिवशी आमचीही बाटली त्याने तशीच ठेवली होती.

म्हणजे मला माहिती नव्हती असे नाही. माहिती होती, मी ती गाळली. कारण ती घातली असती तर विनोद पडला असता. या लेखनप्रकाराबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. दोन दिवसांत फार कळत नाही हा त्याचा दोष नव्हे. जे कळते त्यातले कारण काढून टाकले की उरलेले आपोआप विचित्र दिसू लागते, आणि त्या विचित्रपणावर लेख उभा राहतो. कोटाची गंमत करता आली, कारण कोटाच्या आतले पेन्शन मी वाचकापासून लपवले. रमाबाईंनी धर्माच्या प्रकरणात दानधर्मावरही का लिहिले असेल, हे मला तो फोन ठेवल्यावर प्रथम लक्षात आले. त्याआधी ते प्रकरण मी कंटाळून चाळले होते.

हा लेख लिहिण्यापूर्वी प्रवासातली वही शोधून काढली. शनिवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : 'बाटली डब्याबाहेर ठेवायची. म्हाताऱ्यांसाठी. भाच्याने सांगितले.' त्याखाली दुसऱ्या शाईने, बहुधा पुण्याला परतल्यावर, एक शब्द आहे : 'नको'.