पहिलीचा वर्ग, दोन भाषा आणि एक उसना निष्कर्ष

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून सक्तीची करायचा निर्णय काढला, जूनमध्ये त्यात बदल केला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. पुढचं काम डॉ. नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे गेलं. निर्णय राहिला नाही, पण एक वाक्य चर्चेत पक्कं बसलं: "लहान मुलं भाषा पटकन शिकतात." त्याला जोडून पुरावाही देता येतो. अमेरिकेत पहिलीतली मुलं अर्धा दिवस चिनी भाषेत शिकतात, गणितसुद्धा चिनीत करतात, आणि तरी त्यांचं इंग्रजी बिघडत नाही. मग आपल्या पोरांना काय अडचण?

आज हाच पुरावा तपासू या. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण संशोधन आराखडा लिहिताय. परदेशातला निष्कर्ष आपल्या गावच्या शाळेला लावायचा, हे काम आराखड्यात हमखास येतं, आणि तिथेच घोटाळा होतो.

आधी मूळ गोष्ट. या वर्गांना ड्युअल लँग्वेज इमर्शन म्हणतात. यूटा राज्याने २००८ साली कायदा करून असे वर्ग सुरू करायला पैसा दिला. चिनी ही त्यातली एक भाषा. पद्धत सरळ आहे: पहिलीपासून अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस दुसरी भाषा, आणि दोन भाषांना दोन वेगळे शिक्षक. दुसरी भाषा हा नुसता तासाचा विषय नसतो, त्या भाषेतून बाकीचे विषय शिकवतात.

अशा वर्गांचा फायदा होतो हे कसं ठरवायचं? सोपा मार्ग म्हणजे इमर्शनमधल्या मुलांचे गुण घ्यायचे, साध्या वर्गातल्या मुलांचे घ्यायचे आणि तुलना करायची. हा मार्ग चुकीचा आहे. मुलाला चिनी वर्गात घालण्यासाठी धडपडणारे आईबाप घरी पुस्तकं वाचून दाखवणारे असण्याचीही शक्यता जास्त. मग गुण वर्गामुळे वाढले की घरामुळे, हे कळणार कसं? आपण विज्ञानवाले ब्लँक घेतल्याशिवाय रीडिंग लिहीत नाही. इथे ब्लँकच घेतलेला नाही.

ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराच्या सरकारी शाळांत हा ब्लँक आपोआप मिळाला. तिथे स्पॅनिश, चिनी, जपानी, रशियन असे इमर्शन वर्ग होते. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून लॉटरी काढली जायची. नंबर लागलेली आणि न लागलेली, दोन्हीकडची घरं अर्ज करणारीच. फरक फक्त नशिबाचा. जेनिफर स्टील आणि सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या अर्जदार मुलांचा माग काढला आणि २०१७ मध्ये पेपर छापला. नंबर लागूनही ज्यांनी प्रवेश घेतला नाही, त्यांनाही नंबर लागलेल्या गटातच मोजलं. ही शिस्त लक्षात ठेवा. सोयीची मुलं निवडली की लॉटरीचा फायदा संपतो.

निकाल असा: नंबर लागलेली मुलं पाचवीत इंग्रजी वाचनात ०.१३ प्रमाण विचलनाने पुढे, आठवीत ०.२२ ने. लेखकांच्या हिशोबाने हे सात ते नऊ महिन्यांच्या शिकण्याएवढं होतं. गणित आणि विज्ञानात फारसा फायदा नाही, पण तोटाही नाही. अभ्यास चांगला आहे, यात वाद नाही. माझी तक्रार आहे ती त्याचा निष्कर्ष उसना आणून खान्देशातल्या पहिलीला चिकटवण्याबद्दल.

पहिला प्रश्न: मूल कोणतं?

पोर्टलंडमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरातलं मूल चिनी वर्गात जातं, तेव्हा त्याची घरची भाषा उरलेला अर्धा दिवस वर्गात असते. पाटीवर, दुकानात, टीव्हीवर, परीक्षेत तीच असते. तिला धक्का लागत नाही. आता शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरचं पावरी बोलणारं मूल घ्या, किंवा साक्रीकडचं मावची बोलणारं. धुळे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ३२ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. या मुलाला पहिलीत मराठी भेटते, वर इंग्रजी, आणि घरची भाषा वर्गाच्या दाराबाहेर राहते. संशोधनात याला इमर्शन म्हणत नाहीत, सबमर्शन म्हणतात.

गावाकडे पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधून विहिरीत सोडतात. डबा न बांधता ढकललं तर त्याला शिकवणं म्हणत नाहीत. घरची भाषा हा तो डबा आहे. पोर्टलंडच्या मुलाच्या पाठीला तो होता. "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही" म्हणणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

आणि हे फक्त आदिवासी पाड्यांपुरतं नाही. अमळनेर, पारोळा, धुळे पट्ट्यात घरी अहिराणी असते. बाईंनी "पाटी कुठे ठेवली?" विचारलं आणि पोरगं "आठे" म्हणालं, तर बाहेरगावच्या बाईंना तो आकडा वाटू शकतो. ते फक्त "इथे" म्हणतंय. "मनी पाटी" म्हणजे माझी पाटी, मनातली नव्हे. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशी स्वतंत्र नोंदली गेली, तीही भिल्ली भाषांच्या खंडात. २०११ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे सुमारे १८.६ लाख लोक आहेत. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मातृभाषेच्या रकान्यात अनेकदा सरळ "मराठी" लिहून टाकतात. तुमचा डेटा त्या रकान्यातून येणार असेल, तर पहिल्याच दिवशी चूक आत आली. आधी घरी जाऊन विचारा: आजीशी कोणत्या भाषेत बोलतो?

आता त्या पेपरमधली न सांगितली जाणारी ओळ बघा. पोर्टलंडमध्ये इंग्रजी घरची नसलेली मुलंही लॉटरीत होती. नंबर लागलेल्यांपैकी "अजून इंग्रजी शिकतोय" या वर्गवारीत अडकून राहणाऱ्यांचं प्रमाण सहावी-सातवीपर्यंत तीन ते चार टक्के बिंदूंनी कमी झालं. आणि ज्यांच्या घरची भाषा हीच वर्गातली दुसरी भाषा होती, त्यांच्यात हा परिणाम जास्त दिसला. म्हणजे जो अभ्यास "कोणतीही भाषा चालते" म्हणून दाखवला जातो, त्याच्या पोटात घरच्या भाषेला वर्गात जागा देण्याच्या बाजूचा पुरावा आहे. उद्धृत करायचं तर हेही करा.

दुसरा प्रश्न: मोजलं कधी?

वाचनातला तो फायदा पाचवीत आणि आठवीत मोजलेला आहे. पहिलीच्या हिवाळ्यात नाही. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये १९६५ साली इंग्रजी घरच्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. लँबर्ट आणि टकर यांच्या त्या गाजलेल्या अभ्यासात मुलं सुरुवातीला इंग्रजी वाचनात मागे होती, नंतर त्यांनी बरोबरी गाठली. तिथे पहिलीलाच निकाल लावला असता, तर प्रयोग फसला असं ठरलं असतं.

आपल्याकडे मात्र लघुप्रबंधासाठी सोयीचं काय असतं? जूनमध्ये पूर्वचाचणी, जानेवारीत उत्तरचाचणी, फेब्रुवारीत प्रकरण चार. सेमी-इंग्रजी असो की बालभारतीचं मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तक, सहा महिन्यांत "परिणामकारकता" सिद्ध करायची घाई. भाषेचं शिकणं त्या वेळापत्रकात बसत नाही. सहा महिन्यांचं काम करायचंच असेल तर परिणामकारकता हा शब्द शीर्षकातून काढा. वर्गात कोण कोणत्या भाषेत किती बोलतं, मूल कुठे गप्प होतं, हे नोंदवा. तेही खरं संशोधन आहे, आणि सहा महिन्यांत प्रामाणिकपणे होतं.

तिसरा प्रश्न: चाचणीच्या दिवशी कोण नव्हतं?

खान्देशात दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू होतं, आणि त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही गुजरातेत. धुळ्याकडून बारडोलीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या मजुरांवर यान ब्रेमन यांनी १९७८ मध्येच लिहिलं होतं, म्हणजे ही गोष्ट नवी नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तरी लहान पोरं आईबापाबरोबर जातात. कापूस वेचणीच्या दिवसांतही हजेरी पातळ होते.

याचा गुणांवर काय परिणाम होतो ते एका कल्पित वर्गावर बघा. पटावर ३० मुलं. जूनच्या चाचणीत २० मुलांची सरासरी २० पैकी १२, उरलेल्या १० जणांची ६. वर्गाची सरासरी १०. ती १० मुलं डिसेंबरात टोळीबरोबर गेली. जानेवारीत उरलेली २० मुलं काडीमात्र न शिकता पुन्हा १२ वर आली, तरी तुमची सरासरी १० वरून १२ झाली. दोन गुणांची "वाढ"! सॉफ्टवेअरमध्ये घाला, फरक सार्थही येईल. शिकलं कोणीच नाही, फक्त गरीब पोरं गेली. आणि ज्यांच्यासाठी भाषेचा प्रश्न सगळ्यात मोठा, नेमकी तीच मुलं तुमच्या तक्त्यातून गळाली.

म्हणून पटसंख्या, जूनची हजेरी, जानेवारीची हजेरी आणि गेलेल्या मुलांची घरची भाषा, हा तक्ता निकालाच्या आधी द्या. गाइड म्हणाले "कशाला?", तर हे वरचं गणित दाखवा.

मग आपल्याकडे नीट अभ्यास होऊच शकत नाही का? होतो. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा राखीव असतात आणि महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन लॉटरी निघते. जळगावात, धुळ्यातही. अर्ज जास्त असलेल्या शाळेत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं, म्हणजे पोर्टलंडचाच आराखडा. पण इथेही सावध राहा. नंबर लागला की फक्त माध्यम बदलत नाही, शाळा, सोबती, शिक्षक, शिकवण्या सगळं बदलतं. लॉटरीतून अख्ख्या पॅकेजचा परिणाम कळतो, एकट्या भाषेचा नाही. आणि तोही अर्ज करणाऱ्यांपुरता. पाड्यावरच्या ज्या बापाने ऑनलाइन अर्ज भरलाच नाही, त्याच्या मुलाबद्दल ही लॉटरी काहीच सांगत नाही. या दोन मर्यादा पोर्टलंडलाही लागू आहेत.

आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळचा प्रयोग नायजेरियात इफे इथे १९७० मध्ये झाला. एका गटाला सहा वर्षं योरुबातून शिकवलं आणि इंग्रजी विषय म्हणून, दुसऱ्याला तीन वर्षांनी इंग्रजीकडे वळवलं. घरच्या भाषेतून जास्त शिकलेली मुलं इंग्रजीत मागे पडली नाहीत. तिथेही नवी पुस्तकं आणि तयार शिक्षक दिलेले होते, म्हणजे पॅकेजचा प्रश्न आहेच. पण मूल निदान आपल्या मुलासारखं आहे: घरची भाषा एक, सत्तेची भाषा दुसरी.

तर, "संशोधन सांगतं की लहान मुलं भाषा पटकन शिकतात" असं वाचलं की समासात चार गोष्टी लिहा: तुलना कोणाशी, घरची भाषा वर्गात होती का, मोजलं कितव्या वर्षी, आणि कोण गळालं. चारही उत्तरं मिळेपर्यंत ते वाक्य तुमच्या प्रबंधात घेऊ नका. कारण तुमचा प्रबंध उद्या कोणीतरी शासन निर्णयाच्या बाजूने वापरेल, आणि तेव्हा "आठे" म्हणणाऱ्या पोराला कोणी विचारणार नाही.

पुढच्या लेखात घरच्या भाषेची नोंद घेणारी छोटी प्रश्नावली कशी करायची ते बघू. तुमच्या गावात कोणती भाषा बोलतात आणि रजिस्टरमध्ये काय लिहिलंय, ते पडताळून ठेवा. कामाला येईल.