‘सार्वजनिक’ म्हणजे कोण?

जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरील शेड, दुकाने आणि इतर बांधकामे अनधिकृत ठरवून पाडण्यात आली. बंदर सार्वजनिक आहे, ते मोकळे हवे, असे सांगण्यात आले. हे म्हणणे खोटे नाही. पण या वाक्यातील ‘सार्वजनिक’ या शब्दात कोण मोजले गेले आणि कोण वगळले गेले, हा प्रश्न उरतोच.

मी साहित्य शिकवतो. कायद्याचा जाणकार नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. गायरानावरील आमच्या खोपटाला आलेली नोटीस सातवीत असताना मीच वडिलांना वाचून दाखवली होती. ‘अनधिकृत भोगवटादार म्हणजे काय रे?’ असे त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही. तेव्हापासून असे कागद मी साहित्यकृतीइतक्याच बारकाईने वाचतो.

कोकणात या शब्दाचा खटला जुना आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात स्पृश्य मंडळी न्यायालयात गेली. तळे खासगी आहे, हा त्यांचा दावा होता. आपल्याला रोखण्यासाठी त्यांनी ‘सार्वजनिक’ हा शब्दच नाकारला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. म्हणजे हा शब्द आपण दहा वर्षे लढून मिळवला आहे. तो आपल्याला टाकून देता येणार नाही.

आता त्याच शब्दाने गरिबाला उठवले जाते. १९८१ साली मुंबईतील फुटपाथवासीयांना हुसकण्याचा आदेश निघाला. त्यातून उद्भवलेल्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ही माणसे नाइलाजाने फुटपाथवर येतात, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र फुटपाथवर राहण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही सांगितले. मिळाली ती नोटीस आणि पावसाळा सरेपर्यंतची मुदत. निकालाच्या पूर्वार्धात माणूस आहे; उत्तरार्धात तो अडथळा झाला आहे.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईला आवर घातला. किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक केली. निकाल स्वागतार्ह आहे. परंतु रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय येथील अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली आहेत. ज्याचे घर जमिनीवर आहे त्याला संरक्षण, आणि ज्याच्या वाट्याला जमीनच आली नाही, तो अपवादात! गावकुसाबाहेरची ही जुनीच रचना नव्या भाषेत परत आली आहे, असे म्हणावे लागेल.

आपल्या साहित्याने झोपडीचे दुःख मांडले. झोपडी पाडणारी भाषा मात्र आपल्या समीक्षेने पुरेशी तपासलेली नाही. नोटीस म्हणजे सुनावणी नव्हे आणि सुनावणी म्हणजे निवारा नव्हे. हा फरक आपल्या मुलांना वर्गातच शिकवला पाहिजे. वडिलांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला आज देता येते: अनधिकृत म्हणजे ज्याला ‘सार्वजनिक’ या शब्दात अजून जागा मिळालेली नाही तो. चवदार तळ्यावर ती जागा आपण मागून घेतली नव्हती.