परतीची वाट आणि रोजनिशीतले मौन

आमच्या सीमाभागात पत्राची वाट पाहणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आले ते १९२२ साली. तेव्हापासून या मुलखातल्या किती घरांनी पोस्टमनच्या सायकलकडे डोळे लावले असतील! माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहत. महायुद्ध संपल्यावर १९४६-४७ मध्ये जी हिंदी ब्रिगेड जपानच्या ताब्यासाठी तिकडे गेली, तिच्यात मराठा पलटणही होती. सुभेदार त्या पलटणीतले. लढाईच्या गोष्टी ते सांगत नसत. “लढाईत दिवस कळत नाही रे; लढाई संपल्यावर दिवस संपत नाही,” एवढेच म्हणत. वाक्य साधे होते. त्याचा अर्थ मला कळला तो मात्र एका जपानी पुस्तकाच्या निमित्ताने, पुष्कळ वर्षांनी.

ते पुस्तक म्हणजे मोरी ओगाई यांचे ‘उता निक्की’, अर्थात कवितांची रोजनिशी. हे १९०७ साली प्रसिद्ध झाले. जपानी मला येत नाही. इंग्रजी अनुवाद आणि चरित्रे यांच्या आधारानेच मी त्याच्यापर्यंत पोहोचलो, हे आधीच सांगतो. ओगाई (१८६२-१९२२) हे आधुनिक जपानी साहित्याच्या पहिल्या फळीतले लेखक. पण त्यांचा पेशा लष्करी डॉक्टरचा. जन्म शिमाने प्रांतातल्या त्सुवानो गावचा, घराणे संस्थानी वैद्यांचे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वैद्यकाची पदवी. मग १८८४ ते १८८८ जर्मनीत आरोग्यशास्त्राचा अभ्यास, तोही पेटेनकोफर आणि कॉख यांच्यासारख्यांच्या हाताखाली. रशिया-जपान युद्धात ते दुसऱ्या सेनेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून १९०४ च्या वसंतात मांचुरियात गेले. ५ सप्टेंबर १९०५ रोजी पोर्ट्समथला तह झाला. ओगाई टोकिओला परतले १२ जानेवारी १९०६ रोजी. मधले चार महिने वाट पाहण्याचे.

हे युद्ध लढणाऱ्या दोघांपैकी कोणाच्याच भूमीवर झाले नाही. मांचुरिया चीनचा, लढले रशिया आणि जपान. शेते तुडवली गेली ती तिसऱ्याचीच. ओगाईंना हे दिसत होते. सैनिकांच्या अत्याचाराला बळी पडलेली एक चिनी मुलगी अफूची बोंडे खाऊन मरू पाहते, असा विषय त्यांनी कवितेत घेतला आहे. विजयी सेनेच्या अधिकाऱ्याने असा विषय घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या काळात त्यांनी पत्नी शिगे यांना लिहिलेली पत्रे पुढे त्यांच्या मुलीने संपादित करून छापली. ही पत्रे म्हणजे रोजनिशीची दुसरी बाजू. शिगे यांचे सासूशी पटत नव्हते. युद्धकाळात त्या माहेरी राहत होत्या. म्हणजे ज्या घराची वाट पाहायची ते घरच दोन ठिकाणी विभागलेले! मोठी मुलगी मारी बाप निघाला तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची होती, तो परतला तेव्हा तीन वर्षांची. पत्रांतला सेनाधिकारी या दोन घरांमध्ये सांधा जुळवू पाहतो, लेकीची चौकशी करतो. आपल्याकडच्या वाचकाला यातले काहीच परके वाटणार नाही. लांबून नोकरी करणाऱ्या मुलाने आईचे मन राखावे की बायकोचे, हा प्रश्न आमच्या गल्लीतही होता आणि मांचुरियातल्या छावणीतही.

‘उता निक्की’तली सर्वांत गाजलेली कविता एका बटणावर आहे. वीस वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये घेतलेल्या सोनेरी बटणांच्या जोडीतले एक नानशानच्या लढाईत, १९०४ च्या मे महिन्यात, हरवले. त्या दिवशी माणसेही असंख्य पडली. कवी त्यांचे मोल जाणतो आणि तरीही कबूल करतो की मला माझे बटणही हळहळायला लावते. प्रथम वाचताना मला ही कविता अप्पलपोटी वाटली होती. वर्गात एकदा तिचा आशय सांगितला, तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, निदान खोटं तर बोलत नाहीत ना!” मला तिचे म्हणणे पटले. युद्धकाव्यात सगळेच देशासाठी रडतात. स्वतःच्या तारुण्याच्या एका बारक्या खुणेसाठी रडलो हे लिहायला धैर्य लागते.

पण इथेच माझी खरी अडचण सुरू होते. लहान गोष्टीत इतका खरा असणारा हा लेखक एका मोठ्या गोष्टीबद्दल बोलत नाही.

ती गोष्ट म्हणजे बेरीबेरी. जपानी सैनिकाला दिवसाला सहा गो, म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅम, पॉलिशचा पांढरा तांदूळ मिळे. खेड्यातल्या गरीब पोरासाठी तो पांढरा भात म्हणजे चैन. त्याच भाताने पाय सुजत, हृदय थकत, माणूस मरे. नौदलाच्या ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ साली ‘त्सुकुबा’ जहाजावर आहार बदलून दाखवले. आधीच्या वर्षी ‘र्‍यूजो’वर ३७६ पैकी १६९ जण आजारी पडून २५ दगावले होते, त्याच मार्गावर ‘त्सुकुबा’वर एकही मृत्यू झाला नाही. नौदलाने भातात सातू मिसळला. भूदलाचे डॉक्टर मात्र जर्मन प्रयोगशाळेतला पुरावा मागत राहिले, आणि त्यांत ओगाई अग्रभागी. १८९४-९५ च्या चीनविरुद्धच्या युद्धात आणि पाठोपाठच्या तैवानच्या ताब्यात बेरीबेरीने सुमारे चार हजार सैनिक नेले, रणांगणावर पडलेल्यांहून कितीतरी अधिक. तैवानमध्ये ओगाई स्वतः होते. १९०४ मध्ये हाताखालच्या डॉक्टरांनी सातूची सूचना केली, तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही. त्या युद्धात सुमारे अडीच लाख सैनिक बेरीबेरीने आजारी पडले आणि सुमारे सत्तावीस हजार मेले. सातू मिसळण्याचा हुकूम आला तो मार्च १९०५ मध्ये, तोही युद्धमंत्र्यांकडून.

आता प्रश्न असा, की बटणासाठी हळहळणाऱ्या रोजनिशीत या भाताचा हिशेब का नाही? काही समीक्षक म्हणतील, कविता म्हणजे चौकशी अहवाल नव्हे. मान्य. त्या काळी जीवनसत्त्व हा शब्दही जन्मला नव्हता, हेही मान्य. ओगाई दुष्ट नव्हते. उलट आपल्या शास्त्रावर त्यांची श्रद्धा जरुरीपेक्षा अधिक होती. परंतु ज्या लेखकाने खरेपणाची कसोटी स्वतःच लावून घेतली, त्याला त्याच कसोटीवर तपासणे हा अन्याय नाही. चार महिने छावणीत बसलेल्या मुख्य डॉक्टरला आजाऱ्यांचे आकडे रोज कळत असणार. त्या आकड्यांना कवितेत जागा मिळाली नाही.

मी हेडमास्तर आहे. आपण रेटून लागू केलेली पद्धत मुलांना भोवली, हे कबूल करणे किती जड जाते ते मी अनुभवाने जाणतो. माझ्याही रोजनिशीत काही पाने कोरी आहेत. म्हणून मी या पुस्तकावर फुली मारत नाही. शेजारी ते आकडे ठेवून पुन्हा वाचतो. तसे वाचले की बटणाची कविता लहान होत नाही, पण तिच्याभोवतीची शांतता मोठी होते.

१९०८ साली बेरीबेरीच्या चौकशी समितीचे अध्यक्षपद ओगाईंकडेच आले. जुलै १९२२ मध्ये मृत्यूच्या दारात त्यांनी मित्राला मृत्युपत्र सांगितले: मला कोणतीही पदवी, कोणताही सन्मान नको, जुन्या इवामी मुलखाचा मोरी रिन्तारो म्हणून मला मरू द्या, थडग्यावर केवळ नाव असू द्या. सेनेचा सर्वोच्च डॉक्टर शेवटी सेनेचे काहीच सोबत नेऊ इच्छित नव्हता. या विनंतीत विनय किती आणि न बोललेला पश्चात्ताप किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यात दोन्ही ऐकू येतात.

इवामी म्हणजे आजच्या शिमाने प्रांताचा पश्चिम भाग. १९४६ मध्ये हिंदी ब्रिगेडकडे ज्या मुलखाचा ताबा होता, त्यात शिमाने होता. परक्या भूमीत घराची वाट पाहणाऱ्या डॉक्टरचे घर ज्या प्रांतात, तिथेच चाळीस वर्षांनी परके सैनिक म्हणून गेलेली आमच्याकडची माणसे घराची वाट पाहत बसली. सुभेदार आज असते तर त्यांना मी हे सांगितले असते. ते बहुधा काही बोलले नसते. फक्त विचारले असते, “त्या डॉक्टरच्या पोरीनं बापाला ओळखलं का रे?”