बापाचे नाव लपविणारी लेक

व्हिक्टर ह्यूगो यांची 'ले मिझेराब्ल' ही दीनदुबळ्यांची कैवारी कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी त्यांची धाकटी लेक आदेल घर सोडून एकटीच समुद्रापार गेली. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो यांचा १९७५ सालचा 'आदेल एच्. हिची कथा' हा चित्रपट या सत्यघटनेवर उभा आहे. मोहाडीसारख्या गावी तो चित्रपटगृहात लागणे नाही. परंतु आता घरबसल्या पाहता येतो, म्हणून हा परिचय.

पिन्सन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या मागे आदेल कॅनडातील हॅलिफॅक्सला येते. त्याचे मन केव्हाच फिरलेले आहे. ती खोटे नाव घेऊन राहते, त्याला पत्रे धाडते, लग्न झाल्याचे आईवडिलांना खोटेच कळवते आणि शेवटी त्याच्यामागे बार्बाडोस बेटावर पोहोचते. तेथे तो प्रत्यक्ष समोर येतो, तेव्हा ती त्याला ओळखीतही नाही. चित्रपटाचे मर्म आम्हांस या दृश्यात दिसते. तिला तो माणूस नव्हे, त्याची मनातली प्रतिमा हवी होती. आधी एका प्रसंगी ती त्याच्या छायाचित्रापुढे मेणबत्त्या लावून वेदीच मांडते. वेदीवर अर्पण असते, ते आदेल करते. पण प्रार्थनेत ऐकणेही असते, ते येथे नाही. समोरच्याचा नकार जिला ऐकू येत नाही, तिला प्रीती कसे म्हणावे?

इझाबेल अज्यानी चित्रणाच्या वेळी अवघी एकोणीस वर्षांची होती. आक्रोश न करता केवळ डोळ्यांतून तिने हा ऱ्हास दाखविला आहे. थोर पिता पडद्यावर येत नाही. येतात त्याची पत्रे, पैसे आणि त्याच्या नावाचे ओझे. १८४३ साली सीन नदीत बुडालेली थोरली बहीण लेओपोल्दीन आदेलच्या स्वप्नांत येत राहते.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. १८७२ मध्ये आदेल फ्रान्सला परतली आणि १९१५ मध्ये मरेपर्यंत मनोरुग्णांच्या आश्रयस्थानांत राहिली. ही त्रेचाळीस वर्षे चित्रपट चार वाक्यांत उरकतो. घरच्यांचे काय चुकले, हे तो विचारीत नाही.

तो प्रश्न आम्हांस धानाच्या या मुलखातही परका वाटत नाही. वाट चुकलेल्या लेकीचे नाव घरात न काढण्याची रीत आमच्याही ओळखीची आहे. बार्बाडोसला रस्त्यावर भटकणाऱ्या आदेलला मादाम बा ही कृष्णवर्णीय स्त्री आपल्या घरी नेते, दुसऱ्याकडून पत्र लिहवून तिच्या पित्याला कळविते आणि तिला मायदेशी पोहोचविते. दीनांची कथा पित्याने लिहिली. त्याच्या लेकीला हात मात्र एका निरक्षर परक्या बाईने दिला. आईवडिलांनी हा चित्रपट आधी स्वतः पाहावा, मग वयात आलेल्या मुलामुलींसह पाहावा, आणि नंतर त्यांचे बोलणे ऐकून घ्यावे.