खडी गंमत आणि सुशिक्षित श्रोत्याचा संकोच

भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईत खडी गंमत रंगते. डफ-ढोलकीच्या साथीने शाहीर उभ्याने गातो, स्त्रीवेषातील पुरुष नाचतो. प्रस्तुत लेखकाने ती गावी मनमुराद ऐकली. महाविद्यालयात मात्र ‘ग्राम्य’ ठरण्याच्या भीतीने तिचा उल्लेख टाळला. हा संकोच नवा नाही. बा. वि. केसकर मंत्री असताना १९५२ पासून आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. संकोचाने ऐकणे थांबत नाही, त्याविषयीचे बोलणे थांबते. मग कोणता शाहीर लयीचा पक्का आणि कोणता केवळ द्व्यर्थी विनोदावर तगलेला, हा विवेक कोणी करावयाचा? म्हणून आवड आधी मान्य करावी. दोष त्यानंतरच नेमके दाखविता येतात.