बर्फ पुष्कळ, थंडी कुठे?

२४ डिसेंबर १९५१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या स्टुडिओतून एनबीसीने एक ऑपेरा थेट प्रक्षेपित केला. संगीतकार जान कार्लो मेनोत्ती यांनी तो टीव्हीसाठीच रचला होता, आणि अमेरिकेतला असा तो पहिलाच ऑपेरा. नाव ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’. बेथलेहेमच्या वाटेवरचे तीन राजे एका गरीब, कुबडी घेऊन चालणाऱ्या पोराच्या झोपडीत रात्रीपुरते उतरतात. सगळे झोपल्यावर पोराची आई त्यांच्या सोन्यावर हात टाकते आणि पकडली जाते. या कार्यक्रमाची प्रायोजक होती कॅन्सस सिटीची शुभेच्छापत्रं छापणारी हॉलमार्क कंपनी. आज याच कंपनीची वाहिनी ऑक्टोबरपासूनच नाताळचे सिनेमे लावते. एका हंगामात चाळीसच्या आसपास नवे सिनेमे काढण्यापर्यंत तिची मजल गेली आहे. त्या चाळिसांत पोरासाठी चोरी करणारी आई सापडणं मात्र अवघड.

डिसेंबर लागला की अमेरिकेत एक तक्रार हमखास ऐकू येते: सुट्टीत टीव्हीवर बघण्यासारखं काही नसतं. इथे येऊन स्थिरावलेल्या आम्हा मराठी घरांतही ती आता सराईतपणे केली जाते. पण नाताळचा टीव्ही कधी नव्हे इतका सुबक झालाय. चित्रण स्वच्छ, दिवे सुंदर, नट देखणे. संख्येचं तर बोलायलाच नको. उणीव आहे ती दुसरीच. ऐन सणात ज्याला आनंद होत नाही अशा माणसाला या पडद्यावर पूर्वी हक्काची जागा होती. ती हळूहळू काढून घेण्यात आली.

ही जागा महत्त्वाची का, हे कळायला इथला नाताळ पाहावा लागतो. आपला गणपती मांडवात बसतो, दिवाळीला पहाटेची मैफल असते. सण माणसाला घराबाहेर काढतो. अमेरिकेतला नाताळ २४ तारखेच्या संध्याकाळी दारं लावून घेतो. बहुतेक दुकानं बंद, रस्ते ओस, आणि उत्तरेकडच्या राज्यांत साडेचारलाच अंधार. घरात माणसं जमली असतील तर टीव्ही मागे चालू राहतो. कुणीच आलं नसेल तर संध्याकाळभर सोबत त्याचीच. त्यामुळे त्या दिवशी टीव्ही काय दाखवतो, हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा राहत नाही.

आता वेळापत्रक पाहा. मराठी लेखक वर्षभरातलं चांगलं लेखन दिवाळी अंकासाठी राखून ठेवतो. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक डोळ्यांपुढे ठेवून, असं सांगतात. ब्रिटनच्या टीव्हीने ती विशेषांकाची रीत अजून टिकवली आहे. तिथे वर्षातला सर्वांत मानाचा कार्यक्रम नाताळच्या रात्री लागतो. २०२४ मध्ये ‘गॅव्हिन अँड स्टेसी’ या विनोदी मालिकेचा शेवटचा भाग बीबीसीने त्याच रात्री दाखवला आणि १ कोटी २० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला.

अमेरिकेचा हिशोब उलटा. नील्सन कंपनीची स्थानिक प्रेक्षकमोजणी अनेक दशकं नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै या चार महिन्यांत चाले आणि तिच्यावर स्थानिक केंद्रांचे जाहिरातींचे दर ठरत. डिसेंबर त्यात नव्हताच. शिवाय नाताळची खरेदी २४ ला आटोपते, म्हणून जाहिरातदार आपला पैसा त्याआधीच ओततो. साहजिकच मालिका डिसेंबरच्या मध्यावर थांबतात आणि उरलेले दोन आठवडे जुन्या भागांवर निघतात. इथल्या गाजलेल्या नाताळ-कार्यक्रमांच्या पहिल्या प्रक्षेपणाच्या तारखाही हेच सांगतात: ‘रुडॉल्फ’ ६ डिसेंबर १९६४, ‘चार्ली ब्राऊन’ ९ डिसेंबर १९६५, ‘ग्रिंच’ १८ डिसेंबर १९६६, ‘फ्रॉस्टी’ ७ डिसेंबर १९६९. सगळे खरेदीच्या दिवसांतले. नफ्याच्या त्या चौकटीत राहूनही त्यांतले काही थोर निघाले, म्हणून साठचं दशक या कलेचं सुवर्णयुग ठरतं.

त्यांतही ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ जवळून पाहण्यासारखा आहे. पंचवीसेक मिनिटांचा हा ॲनिमेशनपट. सुरुवातीलाच चार्ली ब्राऊन मित्राला, लायनसला सांगतो, की नाताळ येतोय पण मला आनंद होत नाहीये. पाच सेंट घेऊन सल्ला देणाऱ्या लूसीच्या टपरीवर जातो, तिथेही समाधान नाही. झाड आणायला पाठवल्यावर झगमगत्या ॲल्युमिनियमच्या झाडांतून तो नेमकं एक किडकिडीत, पानं गळणारं झाड उचलतो आणि सगळ्यांच्या हसण्याचा विषय होतो. नाताळ म्हणजे नक्की काय, असं तो ओरडून विचारतो, तेव्हा लायनस रंगमंचाच्या मध्यावर येऊन ल्यूकच्या शुभवर्तमानातला उतारा म्हणतो. त्या वेळी मागे संगीत नाही, विनोद नाही. एक पोरगं बोलतंय आणि बाकीचे गप्प आहेत.

यात धंद्याच्या दृष्टीने चुकीचं होतं ते सगळंच होतं. निर्माते ली मेंडेलसन, दिग्दर्शक बिल मेलेंडेझ आणि चित्रकार-लेखक चार्ल्स शुल्झ यांनी आवाज मुलांचेच घेतले. त्यांतल्या काहींना वाचताही येत नव्हतं, त्यांच्याकडून वाक्यं तुकड्यातुकड्यांनी वदवून घेतली. हास्याची ध्वनिफीत नाकारली. संगीत विन्स ग्वाराल्डींचं, म्हणजे मुलांच्या कार्टूनला जॅझ पियानो. सीबीएसच्या अधिकाऱ्यांना तयार कार्यक्रम संथ वाटला, पण प्रक्षेपणाची तारीख आधीच जाहीर झाली होती, मग दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याला पुढे एमी मिळालं, पीबडी मिळालं आणि कित्येक दशकांचा प्रेक्षक मिळाला. सणाच्या बाजारीकरणावर कोरडे ओढणाऱ्या या कार्यक्रमाचे प्रायोजक कोका-कोला होते, हेही लक्षात ठेवावं. बाजार तेव्हाही होताच. बाजाराच्या पैशाने बाजारालाच नावं ठेवण्याची मोकळीक मात्र कुणीतरी घेतली होती.

‘ग्रिंच’मध्ये चक जोन्स यांची रेषा आणि बोरिस कार्लोफ यांचा आवाज आहे, आणि केंद्रस्थानी आहे सणाचा द्वेष करणारा एकलकोंडा. ‘रुडॉल्फ’मध्ये मोडक्या, नकोशा खेळण्यांचं एक बेट आहे. पहिल्या वर्षी त्या खेळण्यांची सुटका झालेली दाखवली नव्हती, प्रेक्षकांनी तक्रार केली आणि पुढच्या वर्षी तो प्रसंग जोडण्यात आला. बाकी ‘रुडॉल्फ’ कारागिरीपलीकडे फारसा जात नाही. त्याच्या बाहुल्या जपानमध्ये हलवल्या गेल्या आणि त्यांचा थरथराटच आज गोड वाटतो. तरीही सणात टाकून दिलेल्यांचं काय, हा प्रश्न त्यालाही सुचला होता.

सुवर्णयुगाची दुसरी बाजू मात्र निव्वळ अपघाताने घडली. फ्रँक काप्रा यांचा १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ तिकीटबारीवर आपटला होता. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, आणि देशभरच्या लहानमोठ्या केंद्रांना तो जवळजवळ फुकटात मिळाला. त्यांनी तो डिसेंबरभर वाजवून वाजवून घरोघरी पोचवला. पुलावर उभा राहून जीव द्यायच्या विचारात असलेला माणूस असा अमेरिकेच्या नाताळचा नायक झाला. कोणत्याही व्यवस्थापकाने हे ठरवून केलं नसतं. १९९३ मध्ये मूळ कथा आणि संगीत यांच्या हक्कांच्या जोरावर मालकी पुन्हा प्रस्थापित झाली आणि १९९४ पासून तो एनबीसीकडे गेला.

आता हॉलमार्क. २००९ पासून ही वाहिनी ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ नावाने हंगाम चालवते. सिनेमे बऱ्याचदा कॅनडात, ब्रिटिश कोलंबियाच्या बाजूला, भर उन्हाळ्यात साधारण पंधरा दिवसांत चित्रित होतात. बर्फ कृत्रिम. नट लोकरी कोटांत घामेजलेले. साचा पाठ आहे: मोठ्या शहरातली नोकरीत गुंतलेली बाई गावी येते, गावातली बेकरी किंवा जुनं अतिथिगृह बंद पडायच्या बेतात असतं, चौकड्यांचा शर्ट घातलेला एक सज्जन सुतारकाम करत भेटतो, शेवटच्या पाच मिनिटांत एक गैरसमज आणि एक चुंबन. आई किंवा बायको वारलेली असते, पण तिची आठवण एका काचेच्या दागिन्यात बसते आणि तो झाडाला टांगला की दुःख संपतं.

यांची टर उडवणं सोपं आहे. २०१७ मध्ये खुद्द नेटफ्लिक्सने आपलाच ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ ओळीने १८ दिवस रोज पाहणाऱ्या ५३ जणांची जाहीर चेष्टा केली होती. मला त्या ५३ जणांविषयी तुच्छता वाटत नाही. रात्रपाळीहून आलेल्या नर्सला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला, भेटवस्तू बांधत बसलेल्या बाईला दोन तास काहीही वाईट घडणार नाही याची हमी हवी असते, आणि हॉलमार्क ती प्रामाणिकपणे देतं. चेहऱ्यांच्या बाबतीतही वाहिनी हलली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये दोन नवऱ्या दाखवणारी एक जाहिरात तिने काढून टाकली, गदारोळ झाल्यावर पुन्हा घेतली, आणि पुढच्याच वर्षी ‘द ख्रिसमस हाऊस’मध्ये समलिंगी जोडपं मध्यवर्ती कथानकात आणलं. पण साचा जसाच्या तसा. नव्या माणसांना आत घेतलं ते त्यांचं दुःख दाराबाहेर ठेवून. माझा आक्षेप इथे आहे. दिलासा देणाऱ्या गोष्टीत आधी दुखणं असावं लागतं, नाहीतर दिलासा कशाचा? या सिनेमांत बर्फ पुष्कळ आहे, थंडी कुणालाच वाजत नाही.

दुखणं लिहिणारे लेखक संपलेत असंही नाही. ‘द वेस्ट विंग’चा १५ डिसेंबर १९९९ चा भाग पाहा. व्हाइट हाऊसमधल्या टोबी झिगलरला पोलिसांचा फोन येतो, की कोरियन युद्धस्मारकापाशी एक बेघर माणूस थंडीने मेलाय आणि त्याच्या कोटात तुमचं कार्ड आहे. तो कोट टोबीनेच दान दिलेला. मेलेला माणूस त्याच युद्धातला सैनिक. टोबी राष्ट्राध्यक्षांचं नाव वापरून त्याला लष्करी इतमामाने निरोप मिळवून देतो. तिकडे व्हाइट हाऊसमध्ये मुलं नाताळचं गाणं गातायत, इकडे आर्लिंग्टनच्या दफनभूमीत बंदुकांची सलामी. दोन्ही दृश्यं एकमेकांत विणलेली. दान केलेला कोट माणसाला वाचवायला पुरला नाही, हे वाक्य कुणी उच्चारत नाही. ते उच्चारण्याची गरजही पडत नाही. हा भाग सर्वसाधारण वाहिनीवर, सर्वसाधारण वेळी, नाताळच्या दहा दिवस आधी लागला होता.

त्यानंतरचा तितक्याच ताकदीचा भाग म्हणून मी ‘द बेअर’चा ‘फिशेस’ घेईन. शिकागोतल्या इटालियन घराण्याची नाताळची पूर्वसंध्या, सात प्रकारच्या माशांचा बेत. स्वयंपाकघरात गजर वाजतायत, भांडी आपटतायत, आणि जेमी ली कर्टिस यांनी साकारलेली आई, डोना, पीत पीत सगळं रांधते आहे. मदत मागत नाही आणि केली नाही म्हणून जळते. शेवटी ती गाडी घरातच घुसवते. सणाचा स्वयंपाक एकटीच्या अंगावर घेणारी आणि ‘तू बरी आहेस ना’ या प्रश्नाने पिसाळणारी बाई मराठी घरांना अनोळखी नाही. या भूमिकेसाठी कर्टिस यांना एमी मिळालं. आणि हा भाग आला कधी? जून २०२३ मध्ये, उरलेल्या सगळ्या भागांसह एकाच दिवशी. नाताळवरचं इतकं अस्सल काम प्रेक्षकांनी पंखा लावून पाहिलं.

मग डिसेंबरात एकत्र बघायला उरलं काय? चार्ली ब्राऊन २०२० मध्ये ॲपलने घेतला. लोकांनी ओरड केल्यावर दोन वर्षं सार्वजनिक वाहिनी पीबीएसवर दाखवण्यात आला, नंतर तेही थांबलं. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून बघण्याची वस्तू आता केव्हाही बघण्याची झाली, म्हणजे पुष्कळांसाठी कधीच न बघण्याची. ती रिकामी वेळ खेळाने पटकावली. १९७१ मध्ये नाताळच्या दिवशी मायामी आणि कॅन्सस सिटी यांचा फुटबॉल सामना लांबतच गेला, घरोघरची जेवणं खोळंबली, तक्रारी आल्या, आणि एनएफएलने १९८९ पर्यंत त्या दिवसाला हात लावला नाही. २०२४ च्या नाताळला नेटफ्लिक्सने दोन सामने दाखवले. प्रत्येकाला देशात सरासरी २ कोटी ४० लाखांच्या आसपास प्रेक्षक होते. याचा अर्थ त्या दिवशी लोक पडद्यासमोर बसायला तयार नसतात ही सबब खोटी आहे.

म्हणून दर्जा घसरला, हा शेरा मला अपुरा वाटतो. लिहिणारे आहेत, नट आहेत, पैसा आहे आणि सुट्टीवर घरी बसलेला प्रेक्षक तर कोट्यवधींनी आहे. १९६५ मध्ये न आवडलेला कार्यक्रमसुद्धा तारीख ठरली होती म्हणून लोकांपर्यंत पोचला. आज आवडलेल्या कार्यक्रमालाही डिसेंबरची तारीख द्यायला कुणी धजत नाही, आणि ते धाडस एखाद्या व्यवस्थापकाने दाखवेपर्यंत सुट्टीतली ती तक्रार रास्तच राहणार.